काळी चारची गायिका, ड्रेडनॉट गिटार आणि पिकअपची निवड

प्रश्न असा आला आहे: “मी कविता आणि भावगीतांच्या छोट्या कार्यक्रमांत गिटारची साथ करतो. सोबत गायिका (पट्टी काळी चार), तबला आणि कधी बासरी. गिटार ड्रेडनॉट आहे, वरची फळी सलग स्प्रूसची. घरी फार सुंदर वाजते. कार्यक्रमात समोर माइक लावला की शिट्टी येते. मित्राची सॅडलखाली पिकअप असलेली गिटार घेतली तर आवाज पत्र्यासारखा लागतो. वीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. नैसर्गिक आवाजासाठी कोणता पिकअप बसवू?”

नवख्या वाचकांसाठी तीन शब्द: ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या पोटाची गिटार, पिकअप म्हणजे गिटारीची थरथर पकडून तिचा विद्युत सिग्नल करणारा भाग, आणि सॅडल म्हणजे ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुमच्या गिटारीला ब्रिजप्लेटवर (ब्रिजच्या खाली आत असलेल्या लाकडी पट्टीवर) आतून चिकटवायचा, तीन चकत्यांचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणारा, पिकअप बसवा. ‘के अँड के’चा प्युअर मिनी हा त्यातला सगळ्यांत जुना-जाणता नमुना. पण सगळे पैसे पिकअपवर घालवू नका. निम्मे तरी एका चांगल्या प्रीअँप-डीआयसाठी (पिकअपचा सिग्नल मिक्सरला जोडण्याजोगा करणाऱ्या छोट्या यंत्रासाठी) राखून ठेवा. हे उत्तर तुमच्या मंचासाठी आहे, कारण तो शांत आहे. उद्या मागे ड्रमसेट आला किंवा ढोलकी आणि बेस गिटार आली, तर याच गिटारीला मी दुसरा पिकअप सुचवेन.

गेली पंचवीस वर्षं मी गिटारी दुरुस्त करतो आणि संध्याकाळी कार्यक्रमांचा साउंड बघतो. दोन्ही कामं केल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘सगळ्यांत नैसर्गिक पिकअप कोणता’ असं विचारण्याआधी ‘मंचावर आवाज किती मोठा असणार’ हे ठरवावं लागतं. पिकअप लाकडाचं जितकं जास्त ऐकेल, तितका तो स्पीकरचंही ऐकणार. त्यामुळे नैसर्गिकपणा आणि आवाजाची पातळी यांत देवाणघेवाण करावीच लागते, आणि तुमच्या बाबतीत ती लाकडाच्या बाजूने करता येते.

नैसर्गिक म्हणजे काय, तेही नीट बघू. समोर दोन हातांवर बसलेल्या माणसाला तुमची गिटार ऐकू येते तेव्हा त्यात वरची फळी असते, साउंडहोलमधून आत-बाहेर होणारी हवा असते, पाठ आणि बाजू असतात आणि खोलीही असते. हे सगळं हवेत मिसळून मग कानापर्यंत येतं. पिकअप मात्र एकाच जागी चिकटून बसलेला असतो. तंबोऱ्याच्या घोडीला कान टेकवून ऐकलंत तर तारेचा आघात, खरखर, लाकडातली थरथर सगळं ऐकू येईल, पण खोलीभर पसरणारा तो भरलेला आवाज नाही. दोन्ही आवाज त्या तंबोऱ्याचेच, फक्त श्रोता एका जागेवरचा ऐकतो आणि पिकअप दुसऱ्या. म्हणून पिकअप निवडताना तो काय ऐकतो आणि काय त्याच्या कानावरच पडत नाही, एवढं बघायचं.

तुमच्या मित्राच्या गिटारीपासून सुरू करतो, कारण दुकानातून पिकअपसह येणाऱ्या बहुतेक गिटारींत तोच प्रकार असतो. सॅडलच्या खाचेत, हाडाच्या पट्टीखाली एक बारीक पीझो पट्टी. पीझो म्हणजे दाब बदलला की विद्युतदाब निर्माण करणारा पदार्थ. तारेचा जोर सॅडलवर येतो, सॅडल पट्टीला दाबतं, पट्टी सिग्नल देते. इथेच गोम आहे. हा सिग्नल तारेचा जोर फळीत उतरण्याच्या *आधी* पकडलेला आहे. एरवी फळी त्या जोराची धार बोथट करते, काही सूर फुगवते, काही गिळते, आणि हे सगळं झाल्यावर आवाज हवेत जातो. सॅडलखालच्या पट्टीपर्यंत यातलं फार थोडं पोचतं. हलक्या बोटांनी वाजवाल तोवर ते चालून जातं. जोरात स्ट्रम केलं की आघात अंगावर येतो आणि सूर मागे पडतो. इंग्रजीत त्याला ‘क्वॅक’ म्हणतात, तुम्ही पत्रा म्हणालात. माझ्या कानाला तुमचाच शब्द जास्त पटतो. हा पत्रा साधारण १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बसलेला असतो, म्हणजे नेमकं जिथे गायिकेचे शब्द स्पष्ट होतात तिथे. भावगीताच्या साथीला याहून वाईट जागा नाही.

मात्र मित्राच्या गिटारीचा सगळा दोष पिकअपवर टाकण्याआधी विचारा, ती वायर कशात घुसवली होती. पंधराएक वर्षांपूर्वी साताऱ्याजवळच्या एका गावात कार्यक्रम होता. वादकाच्या गिटारीत सॅडलखाली पॅसिव्ह पीझो होता, प्रीअँप नव्हता, आणि तिथल्या अँपच्या लाइन इनपुटला थेट केबल लावलेली. आवाज डासाच्या गुणगुणण्यासारखा. मी बास पूर्ण उघडला तर फक्त हमिंग वाढलं, सूर वाढला नाही. गाणारा बिचारा तसाच गायला. त्या रात्री घरी येऊन कागदावर गणित मांडलं, ते आजही प्रत्येक वादकाला सांगतो.

पीझो पट्टी ही विद्युतदृष्ट्या एक छोटा कपॅसिटर असते. तिची धारकता १००० पिकोफॅरड धरू. ती ज्या इनपुटला जोडाल त्याच्या रोधाशी मिळून एक गाळणी तयार होते आणि एका ठरावीक कंप्रतेखालचं सगळं गळत जातं. इनपुट १० किलोओहमचा असेल (साधं लाइन इनपुट असंच असतं) तर ही सीमा येते जवळपास १६,००० हर्ट्झवर. म्हणजे गिटारीचा सगळा देह गाळणीच्या खाली, वर उरते फक्त सळसळ. इनपुट १ मेगाओहम असेल तर सीमा १६० हर्ट्झ. गिटारीची मोकळी सहावी तार आहे ८२ हर्ट्झ, म्हणजे खर्ज अजूनही पातळच. १० मेगाओहमला सीमा १६ हर्ट्झवर जाते आणि गिटार पूर्ण येते. सॅडलखालच्या पट्टीला गिटारीतच प्रीअँप लागतो तो यासाठी. सभागृहात मिळणारा पॅसिव्ह डीआय बॉक्सही इथे पुरत नाही, त्याचा इनपुट लाख-दीड लाख ओहमच्या घरात असतो. किती चांगले पिकअप या एका चुकीने बदनाम झाले असतील!

सॅडलखालच्या पिकअपची दुसरी अडचण हाताच्या कामाची आहे. खाचेचा तळ आणि सॅडलचा बूड दोन्ही आरशासारखे सपाट लागतात. एक केस राहिला तरी एखादी तार, बहुतेकदा दुसरी किंवा तिसरी, दबून जाते. मग लोक कागदाच्या घड्या सरकवतात. मी तसं करत नाही. सॅडल पुन्हा घासतो. शिवाय पट्टीच्या जाडीइतकं सॅडल खालून कमी केलं नाही तर ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, वर जाते. टेलर कंपनीने २०१४ मध्ये सेन्सर सॅडलखालून काढून सॅडलच्या मागे नेले, त्यामागचा विचार हाच होता की सॅडल खाली दाबलं जाण्यापेक्षा पुढे-मागे डुलतं ते जास्त महत्त्वाचं. माझ्या कानाला तो बदल पटलेला आहे.

साउंडहोलमध्ये बसणारा चुंबकीय पिकअप हा दुसरा मार्ग. तो लाकूड जवळपास ऐकतच नाही, तार ऐकतो. लोखंडाची हालचाल चुंबकीय क्षेत्र हलवते, एवढंच. त्यामुळे फीडबॅकला तो सगळ्यांत खंबीर, खर्ज गुबगुबीत, आणि बसवायला गिटारीला भोकही पाडावं लागत नाही. एक खोड मात्र आहे. ब्राँझच्या तारांवरचं वेष्टण चुंबकीय नसतं, पिकअप फक्त आतला पोलादी गाभा बघतो. पहिली-दुसरी तार मात्र अख्खी पोलादाची, म्हणून त्या दोन ओरडतात. ज्याचे पोल स्क्रूने वरखाली होतात असाच घ्यावा. आणि नायलॉनच्या तारांना हा प्रकार मुळीच चालत नाही, हे सांगायला नको पण दरवर्षी कुणीतरी घेऊन येतंच. ढोलकी आणि बेससोबत वाजवणाऱ्याला मी हाच देतो. तुमच्यासारख्या बोटांनी वाजवणाऱ्या, कवितेमागे हळूच उभ्या राहणाऱ्या साथीला तो थोडा इलेक्ट्रिक गिटारीकडे झुकलेला वाटेल.

आता ब्रिजप्लेटचा. गिटारीच्या आत, ब्रिजच्या बरोबर खाली एक लाकडी पट्टी चिकटवलेली असते, तारांचे गोळे तिलाच अडकतात. तीन छोट्या पीझो चकत्या या पट्टीवर, सॅडलच्या रेषेत बसवायच्या. पहिली पहिल्या-दुसऱ्या तारेच्या मध्ये, दुसरी तिसऱ्या-चौथीच्या, तिसरी पाचव्या-सहाव्या तारेच्या. इथे तारेचा जोर ब्रिज ओलांडून लाकडात उतरलेला असतो. फळीने त्याचं जे काही करायचं ते बरंचसं केलेलं असतं. म्हणून आघात मऊ येतो आणि तुमच्या गिटारीचा स्वभाव ऐकू येतो. तुमची फळी सलग स्प्रूसची आहे म्हणून तर मी हे ठामपणे सांगतोय. प्लायवूडची फळी असती तर या पिकअपने प्लायवूडच मोठं करून ऐकवलं असतं, आणि मग चुंबकीय बरा. चकत्यांची धारकता सॅडलपट्टीपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे १ मेगाओहमचा इनपुट त्यांना पुरतो, गिटारीत बॅटरी लागत नाही, कार्यक्रमाच्या मध्यात ९ व्होल्टची बॅटरी संपण्याची धास्ती नाही.

तोटेही ऐका. २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास तो फुगतो, ते समोर मिक्सरवर कमी करावंच लागतं. फळीवर बोट आपटलं, बाहीचं बटण लागलं, तर तेही ऐकू येतं. आणि लाकडाचं ऐकतो म्हणून शिट्टीही लवकर घेतो.

या शिट्टीबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात ‘काळी चार’ वाचलं तेव्हाच मला अर्धं उत्तर सापडलं होतं.

गिटारीच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमतो ना, तसाच. ड्रेडनॉटमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सापडतो. त्याच्या वर, २०० हर्ट्झच्या थोडं अलीकडे-पलीकडे, वरच्या फळीचा मुख्य सूर असतो. या दोन जागी गिटार कुणीही हलवली तरी हलते, तारेने हलवली तरी आणि मॉनिटरने (मंचावर वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरने) हलवली तरी. आता काळी चारचा षड्ज, खालच्या सप्तकातला, गिटारीवर सहाव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो. त्याची कंप्रता १०४ हर्ट्झ! त्याच्या वरचा षड्ज २०८ हर्ट्झ. म्हणजे तुमच्या गायिकेचा ‘सा’ आणि तुमच्या गिटारीच्या पोटाचा सूर जवळजवळ एकच आहेत, आणि वरचा ‘सा’ फळीच्या सुराच्या शेजारी. तुम्ही बहुधा पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी मेजरच्या आकारात वाजवत असाल. समेवर येता, षड्जाचा खर्ज लावता, आणि नेमकी तेव्हाच गिटार गुरगुरायला लागते. माइकची शिट्टी वरची असते, ही खालची गुरगुर, पण मूळ एकच: बाहेर गेलेला आवाज परत आत येतोय.

घरी करून बघा. गिटार मांडीवर घ्या, तारा तळव्याने दाबून ठेवा, साउंडहोलजवळ तोंड नेऊन खालच्या सुरात ‘ऽम्’ करत हळूहळू वर सरका. एका जागी गिटारीची पाठ तुमच्या पोटाला थरथरलेली जाणवेल. तो सूर ट्यूनरवर बघून लिहून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिटारीचा मी हा सूर काढतो आणि केसच्या आत चिठ्ठीवर लिहून चिकटवतो. मंचावर प्रीअँपचा नॉच (एका बारीक पट्ट्यातलाच आवाज कमी करणारी गाळणी) त्याच आकड्यावर ठेवायचा, अरुंद, आणि हवा तेवढाच. अख्खा बास कापू नका, कारण तो सूर तुमच्या गाण्याचा षड्ज आहे. तो मारला तर साथच पोकळ होईल.

नॉचच्या आधीचे उपाय मात्र फुकटातले आहेत. मॉनिटर गिटारीच्या पोटासमोरून हलवा, जरा बाजूला आणि खाली. साउंडहोलला रबराचं झाकण लावा, पोटातल्या हवेचा सूर दबतो आणि लाकडाला चिकटलेल्या (कॉन्टॅक्ट) पिकअपच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. प्रीअँपवर फेजचं बटण असेल तर ते दाबून बघा. स्पीकरची लाट फळीला ढकलते की ओढते हे त्याने बदलतं, आणि एका बाजूला गुरगुर हमखास कमी असते. ८० हर्ट्झखालचं सगळं हायपासने काढून टाका. मोकळी सहावी तार ८२ ला आहे आणि कॅपोमुळे तुमची तीही वर गेलेली, म्हणजे गमावण्यासारखं काही नाही.

माइकचा हट्ट असेल तर तोही समजतो. नैसर्गिकपणात चांगल्या कंडेन्सर माइकच्या जवळपास कुठलाच पिकअप येत नाही. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागी, समोर शांत बसलेले श्रोते असतील, तबला दूर असेल, तर बाराव्या फ्रेटकडे रोखलेला माइक फूटभर अंतरावर ठेवून नुसत्या त्याच्यावर कार्यक्रम होऊ शकतो. माइक थेट साउंडहोलसमोर ठेवू नका, तिथून पोटाची हवाच जास्त येते. गणपतीच्या मांडवात मात्र हा विचारही करू नका. मधला मार्ग म्हणजे दोन्हींचं मिश्रण: समोरच्या स्पीकरला थोडा माइक, मॉनिटरमध्ये फक्त पिकअप. मोठे वादक अशीच मिश्रणं करत आले आहेत. मायकेल हेजेस साउंडहोलमधला चुंबकीय सनराइज आणि फळीचा कॉन्टॅक्ट पिकअप एकत्र वापरायचा, खर्ज एकाकडून आणि लाकूड दुसऱ्याकडून. टॉमी इमॅन्युएलच्या मेटन गिटारीत सॅडलखालच्या पीझोसोबत आत छोटा माइक असतो. पण अशा दुहेरी व्यवस्थेला दोन चॅनेल आणि साउंड बघणारा जाणता माणूस लागतो. सुरुवातीला एकच आवाज नीट करा.

आता उरलेल्या पैशांचं. प्रीअँप-डीआय घेताना चार गोष्टी बघा: इनपुट किमान १ मेगाओहम, नॉच, फेज, हायपास. मध्यम पट्ट्याचा ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायचं बटण) सरकवता येत असेल तर फारच उत्तम. बाहेर पडणारा बॅलन्स्ड एक्सएलआर सिग्नल थेट स्टेजबॉक्सला (मंचावरच्या केबली मिक्सरपर्यंत नेणाऱ्या पेटीला) जातो, म्हणजे सभागृहाच्या डीआयवर अवलंबून राहायचं कारण नाही. गावोगावच्या ध्वनिव्यवस्थेत हे किती सुखाचं आहे ते पहिल्याच कार्यक्रमात कळेल. साउंडवाल्याला फक्त इतकं सांगा, “दादा, चॅनेल सपाट ठेवा, बाकी मी इथे बघतो.” ते बहुधा आनंदाने ऐकतात.

पुढे कधी हात सैल झाला तर टोनडेक्स्टरसारखं यंत्र बघा. त्याला माइक आणि पिकअप दोन्ही जोडून काही मिनिटं वाजवायचं. दोन आवाजांतला फरक ते शिकून घेतं आणि नंतर नुसत्या पिकअपवर तो फरक चढवतं. एल. आर. बॅग्जचा व्हॉइसप्रिंट हेच काम मोबाइलच्या मदतीने करतो. सॅडलखालचा पिकअप आधीच बसलेल्या गिटारीला याने खरोखर नवं आयुष्य मिळतं, मी दोन-तीन वादकांना पिकअप बदलण्याऐवजी हेच घ्यायला लावलं. तुम्हाला आज गरज नाही.

बसवण्याच्या कामात घाई करू नका. चकत्या कायमच्या चिकटवण्याआधी चिकणमातीसारख्या पुट्टीने तात्पुरत्या लावून ऐका. आवाज पुरता खुलणार नाही, पण तारांचा तोल कळतो. सहावी तार फार पुढे येत असेल तर त्या बाजूची चकती किंचित आत सरकवायची. मग जेलसारखा सुपरग्लू. दुहेरी टेपवर भागवणारे कारागीर आहेत, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती टेप सुटते आणि आवाज हळूहळू मरतो. वादकाला वाटतं केबल गेली. खालच्या बाजूला एंडपिनचं (पट्टा अडकवायच्या खुंटीचं) भोक १२ मिलिमीटरपर्यंत मोठं करावं लागतं. ते साध्या ड्रिल बिटने नको, लाकूड फाटतं. टप्प्याटप्प्याने रीमरने करणारा माणूस शोधा आणि पैसे देण्याआधी त्याने केलेली एक तरी गिटार बघा.

पिकअप मागवण्याआधी एक काम करा. तारा सैल करून मोबाइल साउंडहोलमधून आत घाला, दिवा लावा, आणि ब्रिजप्लेटचे दोन-तीन फोटो काढा. तारांच्या गोळ्यांनी प्लेट कुरतडली आहे का, पिनांच्या भोकांमध्ये चीर गेली आहे का, चकत्यांना सपाट जागा आहे का, ते त्यात दिसेल. चीर असेल तर आधी ती भरून घ्यावी लागेल, नाहीतर महागातला पिकअपही तुटक्या लाकडाचाच आवाज देईल. फोटोंसोबत बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मिलिमीटरमध्ये कळवा आणि पोटाचा तो सूर ट्यूनरवर किती आला तेही. १०४ च्या किती जवळ निघतो यावर नॉच असलेला कोणता प्रीअँप घ्यायचा ते मी सांगेन.